सागरतळाचे चित्रण आणि बडोदे

सागरतळाचे चित्रण : समुद्रात स्वतः बुडी मारून पाहिलेले दृश्य तिथेच, किंवा वर आल्यावर, रेषा-रंगांत उतरवण्याची चित्रपद्धती. किनाऱ्यावर बसून लाटा, गलबते, मावळतीचे आकाश रंगवणाऱ्या सागरचित्राहून ती वेगळी आहे. तिथे चित्रकार समुद्राकडे पाहत असतो. इथे तो समुद्राच्या पोटात असतो आणि त्याचे डोळे व विषय यांच्या मध्ये हवेऐवजी पाणी असते. या एका फरकामुळे रंग, अंतर, आकार, वेळ आणि हाताची हालचाल, सगळेच बदलते. बडोदे समुद्रापासून दूर आहे. तरीही या पद्धतीशी या शहराचा संबंध आहे आणि तो जितका मानला जातो त्याहून जुना आहे.

पाण्यातला प्रकाश : पाणी सूर्यप्रकाशातले रंग एकेक करून शोषून घेते. सर्वांत आधी तांबडा जातो. पाचेक मीटरवरच तो फिका पडतो. मग नारिंगी, त्याखाली पिवळा, आणि आणखी खोल गेल्यावर निळा व निळसर हिरवा एवढेच उरतात. वीस मीटरवर बोट कापले तर रक्त हिरवट काळे दिसते. टॉर्च लावला की तोच खडक एकदम तांबडा, केशरी, जांभळा होतो, कारण त्या प्रकाशाने हातभर पाणीच ओलांडलेले असते. चित्रकारापुढचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. प्रवाळाचा तांबडा हा त्याचा खरा रंग म्हणायचा, की तिथल्या माशाच्या डोळ्यांसमोर दिवसभर असणारी ती राखी निळाई खरी? बाजारात विकली जाणारी बहुतेक समुद्रचित्रे टॉर्चचा रंग आणि उघड्या सूर्याचा उजेड एकाच कागदावर एकत्र करतात. ती डोळ्यांना सुखावतात, पण तसे दृश्य कुठल्याही खोलीवर नसते. या पद्धतीतली मोलाची कामे रंगाच्या त्या अभावाला सामोरी गेलेली आहेत.

अंतराचेही तसेच. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे 1.33 असल्याने मास्कच्या सपाट काचेतून वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते. जमिनीवर दूरचा डोंगर निळसर व्हायला कित्येक किलोमीटर लागतात; पाण्यात तोच परिणाम दहा-पंधरा मीटरांत घडतो. कडा विरघळतात, पार्श्वभूमी अशी काही राहतच नाही. जलरंगात ओल्या कागदावर रंग सोडण्याची सवय असलेल्या हाताला हे लवकर उमगते.

श्वास, वेळ आणि साहित्य : स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर बांधलेल्या हवेच्या सिलिंडरच्या, साहाय्याने काम करणाऱ्या चित्रकाराचा वेळ सिलिंडर ठरवतो. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) सुमारे 2400 लिटर हवा मावते. वर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस 20 मीटर खाली तिप्पट दाबामुळे 60 लिटर घेतो. वर परतण्यासाठी 50 बार राखून ठेवले की हाती जेमतेम अर्धा तास उरतो, आणि उतरण्या-चढण्याचा वेळ त्यातूनच जातो. मन लावून चित्र काढताना श्वास रोखून धरायची आपल्या सगळ्यांना सवय असते. पाण्याखाली ती जिवावर बेतू शकते. वर येताना कोंडलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा करते. म्हणून श्वास सतत चालू ठेवून रेघ ओढायला शिकावे लागते. आत घेतलेल्या श्वासाबरोबर शरीर किंचित वर उचलले जाते, सोडलेल्या श्वासाबरोबर खाली बसते. अनुभवी पाणबुडे चित्रकार लांब रेघ उच्छ्वासावर ओढतात. अशा रेखाटनांत जी एक लय दिसते ती इथून येते, आणि ती खोटी आणता येत नाही.

तीस मीटरच्या आसपास दाबाखालचा नायट्रोजन डोके जड करतो. झिंग चढते आणि निर्णय चुकतात. चित्रासाठी एवढे खोल जाण्यात फारसा अर्थही नाही, कारण उजेड आणि जीवसृष्टी दोन्ही त्याहून वर अधिक आहेत. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सुरक्षिततेची प्रथा आहे. रेखाटन करणारे हीच तीन मिनिटे रंगांच्या खुणा लिहायला वापरतात. शिवाय पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते, त्यामुळे उबदार समुद्रातही बोटे लवकरच ऐकेनाशी होतात.

साहित्य साधे असते. खरखरीत पांढरी प्लास्टिकची पाटी, दोरीने बांधलेली शिसपेन्सिल, ड्राफ्टिंग फिल्मचे (प्लास्टिकचे, पाण्यात न भिजणारे) कागद, कधी मेणाचे खडू. तेलरंग पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून काहींनी वजन लावलेल्या घोडीवर कॅनव्हास ठेवून सुरीने थेट समुद्रात तेलरंग लावले आहेत. कॅडमियम-कोबाल्टचे रंग आणि टर्पेंटाइन प्रवाळाजवळ नेणे मात्र समर्थनीय नाही. खाली पेन्सिल आणि वर रंग, ही वाटणी कलेच्या दृष्टीनेही कमी प्रतीची नाही. उलट स्मरणशक्तीला ती कामाला लावते.

पूर्वसूरी : ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी आणि चित्रकार ऑयगेन फॉन रान्सोने-व्हिलेझ (1838–1926) याने 1860 च्या दशकात श्रीलंकेच्या किनाऱ्यावर लोखंड आणि काचेची बुडी-घंटा (खालून उघडी, आत हवा कोंडलेली पेटी) बनवून घेतली व तिच्यात बसून प्रवाळांची रेखाटने केली. 1867 मध्ये ती शिळाछापाने प्रसिद्ध झाली. पाण्याखाली बसून काढलेल्या आणि आपल्यापर्यंत पोहोचलेल्या पहिल्या चित्रांत त्यांची गणना होते, आणि ती आपल्याच शेजारच्या समुद्रातली आहेत. त्यानंतरचा महत्त्वाचा चित्रकार झार प्रिचर्ड (1866–1956) तर मद्रासमध्ये जन्मलेला. ताहितीच्या समुद्रात त्याने तेलात भिजवलेल्या पृष्ठभागावर तेलरंगांनी कामे केली. त्याच्या चित्रांत कडा जवळजवळ नाहीतच. फिकट निळ्या-हिरव्या धुक्यातून खडकांचे आकार उमटतात. आकृती हरवू देण्याचे धैर्य त्याच्याकडे होते आणि म्हणून तो या परंपरेतला सर्वांत विश्वासार्ह डोळा वाटतो.

एल्से बोस्टेलमान (1882–1961) हिचे काम वेगळ्या जातीचे. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बीबी याच्या बर्म्युडा मोहिमेची ती चित्रकार होती. उथळ पाण्यात ती तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरे, धातूच्या पत्र्यावर तेलरंगाने काम करी आणि लाकडी दांड्याचे कुंचले तरंगत वर निघून जाऊ नयेत म्हणून बांधून ठेवी. 15 ऑगस्ट 1934 रोजी बीबी पोलादी गोलकातून 923 मीटर खोल गेला. त्या गोलकात ती कधीच बसली नाही. दूरध्वनीच्या तारेवरून वर आलेली वर्णने आणि नंतरची त्याची सांगी यांवरून तिने काळोखातले स्वयंप्रकाशी मासे रंगवले. न पाहिलेल्या गोष्टीचे इतके काटेकोर चित्रण क्वचित झाले असेल.

1943 मध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग हे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारे उपकरण सिद्ध केले आणि वरून हवा पुरवणाऱ्या नळीचा पाश सुटला. कुस्तोच्या चमूतला अभियंता आंद्रे लाबाँ (1928–2018) 1966 पासून पाण्याखाली तेलरंगात काम करू लागला. त्याचे बहुतेक कॅनव्हास निळ्याच्या छटांनीच भरलेले आहेत. वर त्याला हवे ते रंग भरता आले असते. त्याने ते भरले नाहीत.

बडोद्याचा संबंध : ओखा, द्वारका आणि बेट द्वारका हा ओखामंडळचा टापू 1949 च्या विलीनीकरणापर्यंत बडोदे संस्थानात होता. म्हणजे गायकवाडी राज्याला स्वतःचा प्रवाळाचा किनारा होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या किनाऱ्याचे प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल याच्याकडून करून घेण्यात आले. त्याचा अहवाल बडोदे सरकारला सादर होऊन 1909 आणि 1916 मध्ये दोन भागांत छापला गेला. मोती आणि शंख यांपासून उत्पन्न मिळेल का, हा व्यवहारी हेतू त्यामागे होताच, पण नोंदी त्याहून पुष्कळ विस्तृत आहेत. त्या सर्वेक्षणात मिळालेल्या बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींवर ब्रिटिश मुत्सद्दी आणि प्राणिशास्त्रज्ञ सर चार्ल्स एलियट यांनी लिहिले. या प्राण्यांचे भडक रंग मद्यार्कात ठेवताच उडून जातात. नमुना राहतो, रंग राहत नाही. जिवंतपणीच चित्र काढून ठेवणे हाच त्या काळी रंग जपण्याचा भरवशाचा उपाय होता. शास्त्राला चित्रकार का लागतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

कमाटीबागेतल्या 1894 च्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे 22 मीटर लांबीचा सांगाडा आहे. हा देवमासा 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी येऊन लागला होता. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली मुले सुट्टीत आजी-आजोबांचा हात धरून तो पाहायला जात आली आहेत. चित्र शिकणाऱ्याने तिथे वही घेऊन बसावे. पोहणाऱ्या प्राण्याच्या पाठीचा कणा कसा वळतो हे छायाचित्रापेक्षा त्या मणक्यांवरून लवकर कळते.

द्वारकेच्या समुद्रात 1980 च्या दशकात शि. रं. राव (1922–2013) यांच्या नेतृत्वाखाली सागरी उत्खनन झाले आणि दगडी नांगर, घडीव दगड यांच्या नोंदी झाल्या. राव यांनी नोकरीच्या सुरुवातीला बडोद्याच्या पुरातत्त्व खात्यात काम केले होते. सागरी पुरातत्त्वात पाणबुडे तळावरच मोजमाप घेऊन रेखाटन करतात. त्या आराखड्यांना कोणी कलाकृती म्हणत नाही, पण पाण्याखाली अचूक रेघ मारण्याची भारतातली शिस्त अशा कामांतून घडली आहे आणि चित्रकाराने ती शिकून घ्यावी अशी आहे.

कलेच्या बाजूने पाहिले तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा 1950 मध्ये सुरू झाली. इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे (1910–1992) सुरुवातीपासून 1966 पर्यंत तिथे शिकवत होते. निसर्गचित्रणात मुरलेला हा चित्रकार विद्यार्थ्यांवर एकच शैली लादत नसे. बडोद्याची ओळख पुढे आकृतिप्रधान, कथनपर चित्रांनी झाली. समुद्र तिच्यात ठळक नाही. तरी इथल्या मुद्राचित्रणाच्या (पत्र्यावरून वा ठशावरून चित्र छापण्याच्या) परंपरेत एक साधन असे आहे की जे गढूळ पाण्यासाठीच जन्मले असावे : ॲक्वाटिंट. राळेच्या कणांतून आम्लाने तांब्यावर चढत जाणारी राखाडी छटा ही दहा मीटरवरच्या धूसर प्रकाशाच्या फार जवळ जाते. रंगीत ॲक्रिलिकच्या मोहात या साधनाकडे दुर्लक्ष होते, हे खटकते.

कुठे पाहावे : बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. भावनगरजवळ तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरहून अधिक असतो आणि पाणी कायम चिखलाने भरलेले. बुडी मारून काही दिसत नाही. कच्छच्या आखातात जामनगरजवळ 1982 मध्ये घोषित झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान, देशातले पहिले, हे बडोदेकराचे पहिले शिक्षणस्थळ ठरावे. नरारा इथे ओहोटीला वन विभागाच्या परवानगीने प्रवाळखडकावरून पायी चालता येते. गुडघाभर पाण्यात समुद्रफुले, स्पंज, खेकडे, कधी ऑक्टोपस दिसतो. वर पाण्याचा थर वीतभरच असल्याने तांबडा रंग शाबूत असतो. आधी इथे पूर्ण रंग पाहून घ्यावेत, म्हणजे खोलवर त्यांतले कोणते हरवले हे ओळखता येते.

प्रत्यक्ष स्कूबासाठी मराठी माणसाचा ओढा साहजिकच मालवणकडे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सूचना मराठीत मिळतात ही नवख्यासाठी लहान गोष्ट नव्हे. भीती आपल्या भाषेत लवकर कमी होते. खाली गेल्यावर अर्थातच हाताच्या खुणा. तिथे अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. पावसाळ्यात हे सारे बंद असते. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, म्हणून प्रवाळाला हात लावणे, तुकडा उचलून आणणे वर्ज्य. स्वच्छ, खोल पाण्यासाठी अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावे लागते. ओळीने अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबावे, असा दंडक आहे. तो दिवस रंगकामाचा. रंगाची आठवण तेवढ्यात ताजी असते. बडोद्याला पोचेपर्यंत ती नेहमीच्या ‘समुद्री निळ्या’त मिसळून गेलेली असते.

नोंद म्हणून चित्र : समुद्राचे तापमान वाढल्याने प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये मोठे विरंजन झाले. पांढऱ्या प्रवाळाचे रंगीत चित्र काढणे ही या काळात गंभीर चूक आहे, कारण रान्सोनेच्या शिळाछापांकडे आज जसे पुरावा म्हणून पाहता येते, तसे उद्या आजच्या चित्रांकडे पाहिले जाईल. छायाचित्रात कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपोआप बदलतो आणि निळा हटवतो. चित्रकार मात्र काय पाहिले ते ठरवून सांगू शकतो. त्यासाठी चित्रामागे जागा, तारीख, वेळ, खोली, आणि टॉर्च लावला होता की नाही, एवढे लिहिलेले असावे. यातली शेवटची बाब सर्वाधिक वेळा राहून जाते, आणि रंगाविषयीचा निम्मा अर्थ तिच्यावरच अवलंबून असतो.