इंग्रजी चाल की देशी? नागपूरच्या ख्रिस्ती गीतांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर सरत आला की नागपूरच्या सदर भागात संध्याकाळी नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होतो. मी ज्या सरावाला जाऊन बसतो, तिथे कीबोर्डवरचा मुलगा कॉलेजात शिकणारा आहे. मराठी गीत निघालं की तो मान वर न करता एवढंच विचारतो, "इंग्रजी घेऊ की देशी?" म्हणजे शब्द तेच, चाली दोन. मागच्या बाकावरच्या आजी "देशी" म्हणतात, पुढची पोरं "इंग्रजी" म्हणतात, आणि आपलीच चाल मूळची असं दोघांनाही वाटतं. पाच मिनिटं वाद, मग चहा, मग बहुधा आजींचंच खरं.

हा वाद जुना आहे. तो नागपुरात आला त्याच्याही आधी स्कॉटलंडमध्ये एक वेगळं भांडण झालं होतं. पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने (म्हणजे चर्चच्या सभासदांनी), यावरून तिथलं राष्ट्रीय चर्च १८४३ मध्ये फुटलं आणि फ्री चर्च निघालं. त्या फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप हा तरुण मिशनरी १८४५ मध्ये नागपूर-कामठीला येऊन पोचला. नागपूरवर तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं आणि कामठीला इंग्रजांची छावणी. आज हिस्लॉप म्हटलं की त्याच्या नावाचं कॉलेज आठवतं, फार तर त्याचं भूगर्भशास्त्र. त्याच्या चर्चमध्ये गाणं कसं होतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

तर उपासनेत गायची ती मुख्यतः बायबलातली स्तोत्रं, तीही १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रसंहितेतली, छंदात बांधलेली. माणसाने रचलेलं नवं गीत चालत नसे. वाद्य तर नाहीच. एक जण सूर धरायचा आणि बाकीचे त्याच्यामागे गायचे. फ्री चर्चने गीतांना परवानगी दिली १८७० च्या दशकात आणि ऑर्गनला १८८३ मध्ये. योगायोग असा की हिस्लॉपच्या शाळेचं कॉलेज झालं तेही १८८३ मध्येच.

पण हाच हिस्लॉप गोंडांची गाणी उतरवून घेत होता. गोंडांच्या लिंगो या आद्यपुरुषाची लांबच लांब कथा, परधान हे त्यांचे गायक गातात ती, त्याने जमवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ मध्ये छापून घेतले, म्हणून ती कथा आज वाचता येते. स्वतःच्या उपासनेत दावीदाच्या स्तोत्रांपलीकडे सहसा न जाणारा माणूस जंगलातली गाणी कागदावर उतरवत बसला होता, याची मला अजून गंमत वाटते.

इंग्रजी चालींचा खरा लोंढा आला तो छावणी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूने. सदरचं ऑल सेंट्स चर्च तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या, लोकांचं होतं. इंग्लंडात १८६१ मध्ये निघालेल्या एका गीतसंग्रहाने प्रत्येक गीताला चार आवाजांत बांधलेली चाल जोडून दिली. 'होली, होली, होली'चे शब्द कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांचे. ते १८२६ मध्येच वारले होते. त्या शब्दांना जॉन डाइक्स यांची चाल मिळाली ती या संग्रहात. 'अबाइड विथ मी' लिहून हेन्री लाइट १८४७ मध्ये गेले. विल्यम मंक यांची चाल त्याला बसली तीही १८६१ मध्येच. म्हणजे आपण ज्यांना एकजीव समजतो ते शब्द आणि सूर मुळात वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या वर्षांचे. लग्न मागाहून लागलेलं.

मराठीत अडचण इथूनच सुरू होते. इंग्रजी गीताचा सर्वांत रुळलेला साचा म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळी. त्यात ठोका पडतो दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या अक्षरावर. आता मी इथल्या इथे एक ओळ जुळवतो: 'प्रभू माझा मेंढपाळ, मज काय उणे'. आठ आणि सहा अक्षरं, हिशोब चोख. तेविसाव्या स्तोत्राच्या स्कॉटिश चालीवर ती म्हणून पाहा. 'प्रभू' छान बसतो, कारण 'भू' मुळातच दीर्घ. पण पुढे 'माझा'तला ठोका 'झा'वर पडतो आणि मेंढपाळाचे तर 'ढ' नि 'ळ' ठणकावले जातात. शब्द लंगडायला लागतात. जुनी भाषांतरित गीतं गाताना आपण 'असं का चमत्कारिक वाटतंय' म्हणतो, त्याचं कारण बरेचदा एवढंच. भाषांतर करणाऱ्याने अक्षरं मोजली, ठोका मोजला नाही. तीच ओळ अभंगाच्या अंगाने घ्या. टाळाच्या तालावर अक्षरं एकसारखी पडतात, 'ळ'लाही हक्काची जागा मिळते आणि कोणाचंच अडत नाही.

हे ज्याला आतून कळलं होतं तो माणूस काही वर्षं नागपुरात राहून गेला. नारायण वामन टिळक, १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म. अप्पासाहेब बुटींच्या पदरी संस्कृत ग्रंथांचं काम करायला ते नागपुरात आले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ते दिवस आहेत, आणि ज्यांनी वाचले नसतील त्यांनी जरूर वाचावेत. पुढे नोकरीच्या शोधात ते राजनांदगावला निघाले. नागपूरहून सुटलेल्या त्या गाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. वॉर्डनी बायबलातल्या नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती गीताचा इतिहास सांगणारे थेट अहमदनगरला जातात, कारण टिळकांचं पुढचं आयुष्य तिथल्या अमेरिकन मराठी मिशनसोबत गेलं. मला वाटतं त्या इतिहासाचं एक स्टेशन नागपूर आहे, आणि ते अक्षरशः स्टेशनच आहे.

टिळकांच्या आधीही देशी वळणाची रचना झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ते सगळं ओवीत. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत. पण टिळकांनी शंभरावर गीतं लिहिली आणि ती मंडळीच्या तोंडी बसवली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. म्हणून त्यांचा ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो. यात डावपेच नव्हता. त्यांच्या कानात लहानपणापासून तेच होतं. त्यांची काही गीतं निकोल मॅक्निकल या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजीत नेली. त्यातलं एक इंग्रजी गीतसंग्रहांत 'विगटाउन' या जुन्या स्कॉटिश चालीवर छापलेलं सापडतं. मराठी शब्दांनी इंग्रजी चालीत कसंबसं मावण्याऐवजी, या वेळी स्कॉटिश चालीने मराठी माणसाच्या शब्दांना जागा करून दिली.

पेटीचीही गोष्ट अशीच उलटसुलट. पायाने भाता मारायची पेटी मूळ युरोपातली, मिशनऱ्यांबरोबर गावोगाव पोचली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी काढली आणि ती कीर्तनात, नाटकात, भजनात शिरली. आज विदर्भातल्या कुठल्याही भजनी मंडळात पेटी म्हणजे अस्सल आपली, आणि मंडळीतही देशी चालीला तीच लागते. चार आवाजांची इंग्रजी चाल मात्र तिच्यावर एकसुरी होऊन जाते, हे पोरांचं म्हणणं बरोबर आहे.

नागपूरपासून पंचाहत्तरेक किलोमीटरवर, सेवाग्रामला गांधीजींच्या प्रार्थनेत 'लीड, काइंडली लाइट' हे इंग्रजी ख्रिस्ती गीत असे. न्यूमन या इंग्रज धर्मगुरूंनी ते १८३३ मध्ये लिहिलं. पुढे डाइक्स यांच्या चालीवर ते जगभर गेलं, तेव्हा गाजली ती चाल, आपले शब्द नव्हेत, असं न्यूमनच म्हणाले होते. आश्रम-भजनावलीत त्याचं गुजराती रूप आहे, 'प्रेमळ ज्योति', नरसिंहराव दिवेटियांचं. भजनावली जमवली मराठी पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, हिस्लॉपच्या प्रेस्बिटेरियन परंपरेचे, बाप्टिस्ट, सगळे एका छपराखाली आले. पण प्रत्येकाने येताना आपापलं पुस्तक आणि आपापल्या चाली आणल्या. श्रद्धेची कलमं वर्षानुवर्षं चर्चा करून जुळवली गेली. चाली कोणी जुळवल्या नाहीत. कीबोर्डवरच्या मुलाला दर वेळी विचारावं लागतं ते त्यामुळेच. परवा त्याने न विचारताच देशी सुरू केली, तर आजी म्हणाल्या, "अरे, हे इंग्रजीच चांगलं लागते, बाप्पा."