जनुकीय प्रदूषण (नाशिक परिसर)

पाळीव, लागवडीच्या किंवा बाहेरून आणलेल्या जातींची जनुके संकरातून रानटी जातींत शिरून पिढ्यानुपिढ्या मुरणे म्हणजे जनुकीय प्रदूषण. ‘प्रदूषण’ हा शब्द सगळ्याच अभ्यासकांना रुचत नाही, कारण असा संकर निसर्गातही होतो. नुकसान होते ते रानटी बाजूची संख्या फार कमी असली की.

जवळचा रानटी भाऊबंद नसेल किंवा संकर पुढे वाढत नसेल तर हा धोका उद्भवत नाही. नाशिकची द्राक्षे डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम करून वाढवतात, बियांपासून नव्हे. मालेगाव-येवल्याकडच्या बीटी कपाशीची गुणसूत्रे 52, देशी कपाशीची 26. संकर झालाच तरी बहुधा वांझ निघतो.

भाताचे तसे नाही. शेतातला भात आणि देवभात (जंगली भात) दोघांचीही गुणसूत्रे 24. भाताचे पराग काही मिनिटांतच निकामी होतात, म्हणून बियाण्याच्या भातप्लॉटला 3 मीटर अंतर पुरते. मधमाश्यांवर फळणाऱ्या कांद्याच्या डोंगळ्यांना (फुलदांड्यांना) प्रमाणित बियाण्यासाठी 500 मीटर लागते. पण इगतपुरीसारख्या भातपट्ट्यात देवभात खाचराच्या बांधालगत, ओहोळातच उगवला तर 3 मीटर कुठून आणणार? संकराच्या लोंबीतले दाणे कापणीआधीच झडतात आणि पुढच्या हंगामात तण होऊन उगवतात. उलट दिशेने देवभाताची दाणे झडण्याची, सुप्त राहण्याची ताकद घटते. उपाय: लोंबी निसवताच कुसळाची झाडे ओळखून मुळासकट उपटणे.

प्राण्यांत खरी काळजी लांडग्याची. येवला-नांदगावच्या माळावर लांडगे मोजके, मोकाट कुत्री अमाप. गुणसूत्रे दोघांची 78, त्यामुळे संकरित पिल्लेही विणारी. लांडगिणीला जोडीदार मिळाला नाही की ती कुत्र्याशी जमते. पुढच्या पिढ्यांचे मीलन लांडग्यांशीच होत गेले तर कुत्र्याचा वाटा 50, 25, 12.5 टक्के असा उतरतो. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी ओळख पटत नाही. पुण्याजवळच्या अशा संकराचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला प्राणी पिवळसर होता, पण रंगावरून निकाल देऊ नये. नुसती मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) डीएनएची चाचणीही फसवते: हा डीएनए आईकडूनच येतो, म्हणून लांडगिणीचे संकरित पिल्लू त्यात शुद्ध लांडगा ठरते. केंद्रकातील डीएनए तपासावाच लागतो.

लांडग्यांचा माज वर्षातून एकदाच, पावसाळा सरल्यावर येतो. कुत्र्याला मोसम लागत नाही. म्हणून गावातल्या आणि मेंढ्यांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी त्याआधी उरकावी लागते. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर न टाकता पुराव्या लागतात, नाहीतर नवी कुत्री येतच राहतात.