खाणीच्या पडीक जमिनीवर झाडे लावताय? आधी डोझर फिरवू नका

लागवड ठरली की बरेच ग्राहक आम्ही पोहोचायच्या आत जमीन डोझरने सपाट करून ठेवतात. हेतू चांगला असतो, पण मग तीच जमीन पुन्हा उकरावी लागते आणि लागवडीचा हंगाम हातचा जातो.

डंपर-डोझरच्या चाकांखाली खाणमाती दबून घट्ट होते. घनता दर घन सें.मी.ला 1.7 ग्रॅमच्या आसपास गेली की बहुतेक झाडांची मुळे आत शिरत नाहीत, पाणीही मुरत नाही. अशा जागी खणलेला खड्डा म्हणजे टाकीच. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबून मुळे कुजतात, उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा. मेलेले रोप उपटून पाहा, मुळे खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल फिरलेली दिसतील.

तपासणी घरच्या घरी होते. जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओलसर असताना 12 मि.मी.ची लोखंडी सळई दहा ठिकाणी दोन्ही हातांनी दाबा. दगड लागला तर वीतभर बाजूला दाबा. दहापैकी निम्म्या ठिकाणीही सळई 30 सें.मी. आत जात नसेल, तर रिपर, म्हणजे घट्ट जमीन खोलवर फोडणारे दातेरी अवजार, लावल्यावाचून गत्यंतर नाही.

रिपर आम्ही उताराला आडवा, 90 सें.मी. खोल चालवतो, तोही जमीन कोरडी असतानाच. ओल्या मातीत रिपरचा दात माती फोडत नाही, नुसती चिरत जातो. त्यानंतर त्यावर ट्रॅक्टरसुद्धा नेऊ नका. ढेकळे आणि खळगे तसेच राहू द्या. दिसायला ओबडधोबड वाटते, पण पावसाचे पाणी याच खळग्यांत थांबून मुरते. आमच्या अंदाजपत्रकात रिपिंग आणि माती परीक्षण धरलेले असते, म्हणून रक्कम नुसत्या खड्डे-रोपांच्या कामापेक्षा जास्त दिसते. हे दोन्ही वगळून आम्ही काम घेत नाही.

पुढचे काम झाडे करतात. मुळे कुजून गेली की त्यांच्या जागी पाण्याच्या वाटा उरतात. पालापाचोळा कुजतो, बुरशीचे धागे मातीचे कण बांधतात आणि माती रवाळ होते. हा फरक आधी वरच्या 10 सें.मी.त दिसतो. तेवढ्या थरात आकारमानाने 5 टक्के जास्त ओल टिकली, तरी हेक्टरी 50,000 लिटर पाणी धरले जाते. म्हणून पाचोळा झाडू नका, जाळू तर मुळीच नका. झाडे वाढताना खालच्या थरातले पाणी ओढतात, त्यामुळे खोलवरची माती काही वर्षे कोरडी लागू शकते. ‘झाडे लावली, तरी खाली ओल का नाही?’ याचे बहुतेक वेळा हेच उत्तर असते. रोपे दाटीवाटीने लावायचा आग्रह म्हणूनच धरू नका.

माती परीक्षणासाठी पाच ठिकाणची, वरच्या 20 सें.मी.तली अर्धा-अर्धा किलो माती पाठवा. करडी, काळी आणि पिवळसर माती एका पिशवीत मिसळू नका. गंधकयुक्त खडकाची आम्ल माती बऱ्याचदा पिवळट-तांबूस डागांच्या जागीच सापडते. सामू (pH) 4.5 च्या खाली निघाला, तर आधी चुनखडीची पूड पसरायची, मग रिपर.