एका कवितेसाठी नजरकैद : दारीन तातूरच्या केसमागचा इतिहास

दारीन तातूर ही नाझरेथजवळच्या रैना गावची कवयित्री, पॅलेस्टिनी पण इस्रायलची नागरिक. ऑक्टोबर २०१५ मध्ये पहाटेच पोलीस घरी आले आणि तिला उचलून घेऊन गेले. कारण काय तर यूट्यूब-फेसबुकवर टाकलेली एक कविता, लोकांना प्रतिकार करायला सांगणारी, आणि शिवाय फेसबुकच्या दोन पोस्टी. तेव्हा तिकडे चाकूहल्ले चालू होते, वातावरण भयंकर तापलेलं, कवितेच्या व्हिडिओत दगडफेकीची दृश्यं, त्यामुळे सरकारी पक्ष म्हणाला ही सरळसरळ हिंसेला चिथावणी आहे. तीन महिने तुरुंग, मग नजरकैद, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा, इंटरनेट बंद, आणि तेही सुरुवातीला स्वतःच्या गावात नाहीच, लांब तेल अवीवजवळ, तिच्या भावाने त्यासाठी फ्लॅट भाड्याने घेतला.

आता हे काही २०१५ ला अचानक उपटलेलं नाही. १९४८ ला इस्रायल स्थापन झालं, त्यानंतर जे पॅलेस्टिनी इस्रायलच्या हद्दीत राहिले त्यांना नागरिकत्व मिळालं खरं, पण १९६६ पर्यंत ते लष्करी अंमलाखालीच होते, गावाबाहेर पडायचं तर परवाना लागायचा. म्हणजे कवी परवान्याशिवाय दुसऱ्या गावात कविता वाचायला गेला की झाला गुन्हा. नावाजलेला पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश अशाच भानगडींत पुन्हा पुन्हा आत गेला, नजरकैदही भोगली. पेपर सेन्सॉर करता येतो हो, पण गावच्या मेळाव्यात म्हटलेली कविता लोक पाठ करून घरी नेतात, तिचं काय करणार?

बायकांचं तर आणखीच निराळं. पॅलेस्टिनी कवयित्री फदवा तुकान, जन्म १९१७, वेस्ट बँकमधल्या नाब्लुस शहरातलं बडं घराणं. एका मुलाने फूल दिलं एवढ्यावरून भावाने तिची शाळा बंद केली आणि घरात बसवलं. दुसरा भाऊ इब्राहिम, स्वतः नावाजलेला कवी, त्याने तिला घरातच कविता शिकवली. १९४१ ला तो गेला, मग वडील मागे लागले की आता तू राजकीय कविता लिही. आत्मचरित्रात ती यावर जाम वैतागलीये, की मला उंबरा ओलांडू देत नाही, बाहेर काय चाललंय ते कळू देत नाही, आणि देशावर लिही म्हणता, कुठून लिहू? मला तर मानवी हक्कांवरच्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा हा प्रश्न जास्त खरा वाटतो. १९६७ च्या युद्धात नाब्लुस इस्रायलच्या ताब्यात गेलं तेव्हा ती पन्नाशीला आली होती, आणि तिची गाजलेली प्रतिकाराची कविता त्यानंतरची आहे. २००३ मध्ये नाब्लुसमध्येच वारली.

दारीनचा भाऊ निदान तिच्या बाजूने उभा होता, दार बंद केलं होतं ते सरकारने. खटल्यात कवितेचा हिब्रू अनुवाद कोणी केला, तर एका पोलिसाने! दीडशेहून जास्त लेखकांनी सुटकेसाठी पत्रक काढलं, त्यात अमेरिकन कादंबरीकार अ‍ॅलिस वॉकर होती, कॅनेडियन लेखिका नाओमी क्लाइन होती, तरी मे २०१८ मध्ये ती दोषी ठरली आणि जुलैत पाच महिन्यांची शिक्षा झाली. मग मे २०१९ मध्ये नाझरेथच्या जिल्हा कोर्टाने कवितेपुरता दोष रद्द केला, पोस्टींचा कायम ठेवला. तोवर ती शिक्षा भोगून बाहेरही आली होती, आणि त्याआधीची अडीचेक वर्षं नजरकैदेत गेली ती गेलीच.