मॅलाथिऑन आणि पॅराथिऑन: उंदराच्या यकृतात फुटणाऱ्या दोन वाटा

मॅलाथिऑन आणि पॅराथिऑन ही नावं वाचताना हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्ही ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं, आणि दोन्हींचा मारा मज्जातंतूंच्या कामाला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकरावर. पण प्रयोगशाळेतल्या उंदराला तोंडावाटे दिली की त्यांच्यातलं अंतर डोळ्यांत भरतं. निम्मे उंदीर दगावतील अशी मात्रा, म्हणजे एलडी-५०, पॅराथिऑनसाठी किलो वजनामागे साधारण ३ ते १५ मिलिग्रॅम. मॅलाथिऑनसाठी १००० मिलिग्रॅमच्याही वर.

‘मॅलाथिऑन शरीरातून पटकन निघून जातं’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. किरणोत्सारी खूण लावलेलं मॅलाथिऑन दिलेल्या उंदरांत ७२ तासांत ९० टक्क्यांहून जास्त बाहेर पडतं, बहुतेक लघवीतून, हे खरं. पण पॅराथिऑनही शरीरात फार रेंगाळत नाही. कळीचा मुद्दा आहे तो बाहेर पडण्याआधी त्याचं काय होतं हा.

सुरुवात दोघांची सारखीच. मूळ रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं आणि त्या रूपात ते फारसं विषारी नसतं. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० विकरं गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतात, आणि मॅलाऑक्सॉन किंवा पॅराऑक्सॉन तयार होतं. खरं विष हेच. म्हणजे यकृत इथे विष घडवतंही आणि मोडतंही.

मॅलाथिऑनच्या रेणूत मात्र कार्बोक्झिलिक एस्टरचे दोन बंध आहेत. उंदराच्या यकृतात आणि रक्तद्रवात भरपूर असलेलं कार्बोक्झिलएस्टरेज ते तोडतं. उरतात मोनोकार्बोक्झिलिक आणि डायकार्बोक्झिलिक आम्लं. ती पाण्यात विरघळतात आणि मूत्रपिंडातून निघून जातात. मॅलाऑक्सॉनचीही तीच गत होते. बहुतेक कीटकांत हे विकर तुटपुंजं असल्यामुळे ते मरतात, आणि मॅलाथिऑनला दाद न देणाऱ्या काही कीटकांत ते वाढलेलं आढळतं.

पॅराथिऑनमध्ये असे बंधच नाहीत. पॅराऑक्सॉन कार्बोक्झिलएस्टरेजला चिकटतं, पण त्यात विकराचा रेणूच निकामी होतो: एक रेणू विष, एक रेणू विकर खर्ची. साठा संपला की संरक्षण संपलं. बाकी विल्हेवाट पी-४५० आणि पॅराऑक्सॉन तोडणारं पॅराऑक्सोनेज हे विकर लावतात. त्यातून पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं आणि ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून लघवीत उतरतं. पॅराऑक्सोनेजचं नाव पॅराऑक्सॉनवरूनच पडलं. तरी या विकराचं जनुक काढलेले माउस जातीचे छोटे उंदीर पॅराऑक्सॉनला जास्त बळी पडले नाहीत; क्लोरपायरिफॉस या त्याच गटातल्या कीटकनाशकाच्या ऑक्सॉनला मात्र पडले. परीक्षानळीत चालणारं विकर जिवंत प्राण्यात तेवढंच चालेल असं धरता येत नाही.

मॅलाथिऑनची ही सुरक्षितता एका विकरावर टांगलेली आहे. इपीएन नावाचं दुसरं ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक सोबत दिलं की ते कार्बोक्झिलएस्टरेज बंद पाडतं आणि मॅलाथिऑनची विषारीता एकदम चढते. आयसोमॅलाथिऑन ही अशुद्धीही तेच करते. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, ती मॅलाथिऑनमध्येच तयार होते. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवतापाविरुद्ध फवारणी करणारे सुमारे २८०० कामगार आजारी पडले, ५ जण दगावले. त्यांच्या हातातल्या पावडरीत हीच अशुद्धी होती. म्हणून मॅलाथिऑनचा एलडी-५० कुठेही वाचला की मी आधी नमुन्याची शुद्धता शोधतो; ती दिलेली नसेल तर त्या आकड्यावर विसंबत नाही.