रांगेचं शेपूट हायवेवर का येतं?

'हायवे आणखी रुंद करा, कोंडी संपेल,' असं सोलापुरात कुणीही सांगेल. कांद्याच्या हंगामात हैदराबाद रोडला मार्केट यार्डाकडे वळणारे ट्रक बघून मलाही तसंच वाटायचं. पण पुष्कळदा दुखणं हायवेचं नसतंच, ते खालच्या सिग्नलचं असतं.

हिशेब करू. हायवेवरून उतरल्यावर सिग्नलपर्यंत 210 मीटरचा एका लेनचा रस्ता आहे असं धरा. थांबलेल्या कारला पुढच्या फटीसकट साधारण 7 मीटर लागतात, म्हणजे तिथे 30 कार मावतात. सिग्नलचा फेरा 90 सेकंदांचा, त्यात हिरवा 30. दर दोन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणजे फेऱ्याला 15. वरून येतात 18. शिल्लक राहतात फक्त तीन! तरी दहा फेऱ्यांत, म्हणजे पाव तासात, रस्ता भरतो आणि शेपूट हायवेवर येतं. उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मध्ये असला तर त्याच्याही आधी. मग ज्याला थेट हैदराबादला जायचंय, त्याचीही लेन अडते.

यातली खरी गंमत पुढे आहे. हिरवा लागला की रांग एकदम हलत नाही. पुढची गाडी हलली की मागचा क्लच सोडतो, तो सव्वा-दीड सेकंदाने हलतो, मग त्याच्या मागचा. हिरव्याची खबर अशी गाडीगणिक मागे सरकते, ताशी 18-20 किलोमीटरने. गाड्या पुढे जातात, लाट मागे जाते. तिसाव्या गाडीपर्यंत ती पोचायला 40 सेकंद लागतात, तोवर पुढे लाल लागूनही दहा सेकंद झालेले असतात. लाइटहिल आणि व्हिटहॅम या गणितज्ञांनी 1955 मध्ये नदीच्या पुराबरोबरच वाहतुकीच्या या लाटेचंही गणित मांडलं. लाटेच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतल्या (तासाला किती गाड्या जातात) फरकाला दाटीतल्या (किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत) फरकाने भागलं की लाटेचा वेग मिळतो. दाट बाजूला प्रवाह कमी, म्हणून उत्तर ऋण येतं, आणि ऋण म्हणजे मागे.

मागून ठोकर बसण्याचा धोकाही या शेपटाशीच. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते आणि समोर उभी रांग. लोक म्हणतात जागा वाईट आहे, तिथे नारळ फोडतात, लिंबू-मिरची बांधतात. जागेत काहीही नाही. गर्दीच्या वेळी शेपूट रोज तिथवरच पोचतं.

उताराच्या तोंडाशी सेन्सर बसवून, शेपूट तिथे आलं की हिरवा 30 चा 36 सेकंद केला, तर फेऱ्याला 18 गाड्या सुटतात आणि रांग वाढायची थांबते. ते सहा सेकंद आडव्या रस्त्यावरच्या लोकांच्या हिरव्यातून घ्यावे लागतात.