फजमध्ये राजमा? हो, पण नीट शिजवून

फज म्हणजे दूध-साखरेची मऊ वडी, आणि त्यात राजमा घालतात म्हटलं की समोरचा आधी हसतोच. मीपण हसलो होतो, आणि माझा पहिला घाणा फसलाही, म्हणजे चव मस्त पण जिभेवर नुसतं रवाळ.

साध्या फजमध्ये रवाळपणा येतो साखरेमुळे. साखर, दूध, बटर उकळून ११२ ते ११६ डिग्री सेल्सियसपर्यंत न्यायचं, मग अजिबात न हलवता ४५-५० पर्यंत निवू द्यायचं आणि मग हात दुखेपर्यंत घोटायचं. गरम असतानाच ढवळलं तर क्रिस्टल थोडे पण मोठे होतात, निवल्यावर घोटलं तर असंख्य आणि बारीक, आणि साधारण २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण जिभेला वेगळा कळतच नाही.

राजम्याच्या फजमध्ये ही क्रिस्टलची भानगडच नाही. वडी घट्ट होते ती चॉकलेटमधल्या कोको बटरमुळे, ते ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं म्हणून फ्रीजमधून काढलेली वडी हातात कडक आणि तोंडात मऊ. मग माझं रवाळ का झालं? तर राजमा शिजताना त्याच्या पेशी फारशा फुटत नाहीत, त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन तेवढं विरघळतं आणि पेशी सुट्या होतात, स्टार्च आतच बंद. अशी एक पेशी साधारण १०० मायक्रॉनची, वर सालांचे तुकडे वेगळेच, मग जीभ कशी फसणार! भिजवताना पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की पेक्टिन लवकर सुटतं, मग गरम असतानाच मिक्सरला लावायचं आणि चाळणीतून घासून काढायचं. गंमत म्हणजे पेशी अख्ख्या राहिल्या तर आतला स्टार्च हळू पचतो, त्यामुळे जितकं गुळगुळीत कराल तितका हा फायदा थोडा कमी.

दोन वाट्या पेस्टला साधारण २०० ग्रॅम डार्क चॉकलेट पुरतं. चॉकलेट वितळवून त्यात पेस्ट एकदम घाला, चमचा चमचा नको, कारण थोडंसं पाणी लागलं की चॉकलेटच्या गुठळ्या होतात, जास्त असलं तर होत नाहीत.

आता हेल्दी किती? १०० ग्रॅम शिजलेल्या राजम्यात साधारण १२७ कॅलरी, ८-९ ग्रॅम प्रोटीन, ६-७ ग्रॅम फायबर. तेवढ्याच डार्क चॉकलेटमध्ये ६००च्या आसपास कॅलरी, त्यामुळे अर्धी थाळी एकट्याने संपवली तर राजमा काही वाचवणार नाही.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात अर्धा तास चांगला खळखळून उकळा. स्लो कुकरच्या मंद आचेवर तापमान तेवढं चढत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. बाजारात मिळणारा सीलबंद कॅनमधला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो नुसता धुवून घ्या.

आणि साधं फज बाहेर बरेच दिवस टिकतं कारण साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना मिळतच नाही. इथे साखर कमी आणि शिजलेल्या राजम्यात दोन तृतीयांश पाणी, त्यामुळे फ्रीजमध्येच ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर सरळ फ्रीझर.